अंगणातला खड्डा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारायचा. फाटकातून आत आलं की अंगणाच्या मधोमध खाटेएवढा खोलगट खड्डा, त्यात कर्दळ आणि अळू माजलेलं, कडेने दगडगोटे. आजूबाजूच्या सगळ्या घरांपुढे सिमेंटचा गुळगुळीत कोबा आणि आमच्याकडे हे. एका पाहुण्याने तर "पाइप फुटलाय का?" असंही विचारलं होतं. अशा वेळी नाना, म्हणजे माझे वडील, ऐकूच न आल्यासारखं करायचे. त्यांना चांगलं ऐकू येत होतं. मग मीच काहीतरी थातूरमातूर बोलून पाहुण्याला चहाकडे वळवायची, कारण खरं उत्तर एका कपात मावणारं नव्हतं.

आमचं घर धुळ्याच्या कडेला होतं. कपाशीच्या शेताचे प्लॉट पाडून जी कॉलनी झाली, तिच्यातलं ते पहिलं घर. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नाना नुकतेच निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिल्यामुळे स्वतःच्या घराचं त्यांना भारी अप्रूप होतं. त्यांनी जमिनीपासून मांडीएवढं उंच जोतं घेतलं, पुढे ओटा काढला, पायऱ्यांना घोटीव फरशी लावली. गवंड्यांच्या मिस्त्रीला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. तेव्हा चाचा म्हणाले होते, "नाना, इतना उंच किसलिए? किला थोडी बांधना है." नाना खूश झाले होते. पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत होते.

नानांची सगळी नोकरी हिवताप खात्यात गेली. आता त्या खात्याची आठवण फार जणांना नसेल. खाकी कपड्यातला माणूस सायकलवरून गावात यायचा, ताप आलेल्यांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, घराघरात पंपाने औषध फवारायचा आणि दारामागच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. बायका वैतागायच्या, कारण फवारणीने सारवलेल्या भिंतींवर पांढरे डाग पडायचे. पाचोरा, जामनेर, नरडाणा, असा सगळा खानदेश नानांनी त्या सायकलवर तुडवला. नरडाण्याजवळच्या एका गावात एका घरी ते फवारायला गेले आणि त्या घरच्या मुलीने त्यांना देवघराच्या भिंतीला पंप लावू दिला नाही. तीच माझी माय. नाना फवारणीला गेले आणि सोयरीक घेऊन आले, असं त्यांचे सोबती त्यांना जन्मभर चिडवत राहिले.

अशा माणसाला साचलेलं पाणी दिसलं की चैन पडत नसे. कुंडीखालची बशी, गाईची दोण, फुटका माठ, काहीही असो, नाना ते पालथं करणार. आमच्याकडे पाहुण्यांनी अर्धं पिऊन ठेवलेला पेलासुद्धा फार वेळ तसा राहत नसे. "थांबलेलं पाणी म्हणजे ताप," हे वाक्य मी पाळण्यात ऐकलं असेल. आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण आमच्या घरात कधी कोणाला हिवताप झाला नाही हेही तितकंच खरं.

कॉलनीच्या खालच्या टोकाला मोकळी जागा सोडलेली होती. प्लॉट पाडताना अशी जागा सोडावी लागते आणि सोडणारे ती नेहमी जिथे काही विकलं जाणार नाही अशा ठिकाणी सोडतात. इथेही तसंच होतं. मूळच्या शेताचा तो सखल कोपरा. कडेने जुना बांध, बाभळी, रुईची झाडं आणि एक मोठा कडुनिंब. पावसात वरच्या सगळ्या प्लॉटांवरचं पाणी सावकाश तिथे येऊन थांबायचं. चार-आठ दिवस म्हशी त्यात बसायच्या, मग पाणी हळूहळू कुठेतरी जायचं आणि गणपतीपर्यंत तिथे गुडघाभर गवत उभं राहायचं. कुठे जायचं हे कोणी विचारलं नाही. मायनेही नाही, मीही नाही. आम्हा बायकांना त्या कोपऱ्याचं कौतुक होतं ते आखाजीपुरतं, म्हणजे अक्षय्यतृतीयेपुरतं. आखाजीला निंबाला झोका बांधायचा आणि माहेरी आलेल्या मुलींनी दिवसभर गाणी म्हणत झोके घ्यायचे. माय त्या दिवशी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांना न जुमानता एकदा तरी झोक्यावर बसायचीच.

मायचं एरवीचं राज्य म्हणजे ओटा. संधिवाताने तिचे गुडघे लवकर गेले. लांब कुठे जाणं नव्हतं. दुपारची कामं आटोपली की ती धान्याचं सूप घेऊन ओट्यावर बसायची ती दिवेलागणीपर्यंत. रस्त्याने जाणारी एकही बाई तिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जात नसे. "काय अक्का, जेवन व्हयनं का?" एवढ्यावरून सुरू व्हायचं आणि मग कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा रेडिओ बिघडला, सगळं तिथे कळायचं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यावर ओट्यावर काय चर्चा होते हेही मला माहीत होतं. मायला त्या ओट्यावर बसलेलं पाहिलं की घर भरलेलं वाटायचं.

पुढच्या काही वर्षांत कॉलनी भरत गेली. प्रत्येक नवा माणूस आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच घेऊ लागला. यात कोणाचं वैर नव्हतं, तशी पद्धतच पडली. शेजाऱ्याच्या ओट्याला दोरी लावायची आणि मिस्त्रीला सांगायचं, याच्या वर घे. समोर एक कंत्राटदार राहायला आले. त्यांना सगळे समोरचे भाऊ म्हणायचे. त्यांनी तर ट्रकच्या ट्रक मुरूम ओतून अख्खा प्लॉटच वर उचलला. आमचं घर पहिलं, म्हणून सगळ्यांत खाली. किल्ला बांधायला निघालेले नाना हळूहळू तळघरात गेले, असं मी एकदा बोलले. ते नानांना अजिबात आवडलं नाही.

त्यातच कोब्याची साथ आली. अंगणात माती असणं मागासलेपणाचं झालं. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने आधी अंगणात कोबा केला, मग गच्चीवर खोली. पाऊस पडला की कोबा लखलखीत धुतला जायचा आणि बायका म्हणायच्या, बाई, किती छान, चिखल म्हणून नाही. आम्हीही केला. मायचा अळवाचा वाफा मोडून नानांनी मागचंपुढचं सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलं आणि उतार रस्त्याकडे ठेवला. रस्त्यावर दर काही वर्षांनी जुन्याच थरावर नवी खडी आणि नवं डांबर यायचं. रस्ता चढत चढत आमच्या ओट्याला टेकला. आता घरी येणाऱ्याला आधी रस्त्यावरून अंगणात उतरावं लागायचं आणि मग ओट्यावर चढावं लागायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास शेजारच्या घरातल्या मुलीला थंडी वाजून ताप आला. नानांनी तिच्या अंगाला हात लावला आणि चेहरा पाहूनच सांगितलं, हिवताप. निदान बरोबर निघालं. मुलगी औषधाने बरी झाली, पण नाना बरे झाले नाहीत. खालच्या टोकाच्या डबक्यावर ते दर पावसाळ्यात आपल्या खात्याच्या रीतीने डासांच्या अळ्या मारायला जळकं ऑइल टाकून येत असत. आता ते डबकंच नको, असं त्यांनी मनावर घेतलं. घरोघर जाऊन त्यांनी माणसं जमवली. ती जागा भरून घ्या, वर सभामंडप बांधू, गणपती बसवू, लग्नकार्याला होईल. समोरच्या भाऊंनी भराव पुरवला. कुठलं तरी जुनं गोदाम पाडलं होतं, त्याचा राडारोडा आठवडाभर येऊन पडत होता. बांध गेला, बाभळी गेल्या. वर कोबा, त्यावर मंडप. नारळ नानांच्याच हस्ते फोडला. मी त्यांना इतकं आनंदात फार क्वचित पाहिलं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी शेवटचं डबकं जिंकलं होतं.

निंब कोणी तोडला नाही. पण त्याचा बुंधा कमरेइतका भरावात गाडला गेला आणि दोन उन्हाळ्यांत तो वाळून गेला.

"झोका कोठे बांधसूत आते?" मायने विचारलं.

नाना म्हणाले, मंडपाला लोखंडी हुक लावून देतो. त्यांनी खरंच लावून दिला. त्यावर कोणी झोका बांधला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा आमच्या घरात आलं. जोराची सर पडली, सगळ्या कोब्यांवरून, गच्च्यांवरून, डांबरावरून पाणी धावत खाली गेलं, मंडपाच्या भिंतीला थडकलं आणि मागे फिरलं. मागे फिरल्यावर त्याला सगळ्यांत सखल जागा कुठली सापडणार? आमची. अंगण भरलं, ओटा बुडाला आणि बोटभर पाणी उंबरठ्यावरून आत आलं. ज्वारीची कोठी खालून भिजली. मी आणि नाना तांब्यांनी पाणी उपसत होतो आणि माय खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. आम्हाला तेव्हा वाटलं, हा पाऊसच जगावेगळा होता.

नानांनी चाचांना बोलावलं आणि उंबरठ्यावर विटांचा एक थर चढवून घेतला. पुढच्या वर्षी पाणी त्यावरूनही आलं, तेव्हा आणखी चढवला. मग आणखी. दर वेळी दाराची फळी खालून कापावी लागायची. चाचा दार काढून अंगणात आडवं घालायचे, करवत चालवायचे, आणि ते दार वर्षागणिक बुटकं होत गेलं. शेवटी उंबरठा गुडघ्याला लागला. सिमेंट इतकं घोटीव केलेलं की हात फिरवावा. नाना समाधानाने म्हणाले, "आता समुद्र आला तरी आत येणार नाही."

मायने खुर्चीतून त्या उंबरठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतला उंबरा? माले आते भाईर कोन काढी?"

ती हसत बोलली होती, म्हणून आम्हीही हसलो.

नानांनी दोन्ही बाजूंना लाकडी पाट करून ठेवले. एक आत, एक बाहेर. माझा हात धरून माय काही दिवस तसं बाहेर गेली. एक पाय उचलून पलीकडे टाकायचा, मग अर्धी त्या भिंतीवर अवघडून बसायचं, मग दुसरा पाय हाताने उचलून न्यायचा. एकदा पाट सरकला आणि ती उंबरठ्यावर आडवी पडली. हाड मोडलं नाही, पण धास्ती बसली. त्यानंतर ती बाहेर आली नाही. तिची खुर्ची दाराच्या आतल्या बाजूला आली. उंबरठ्यापलीकडे तिचा ओटा होता, हात लांब केला असता तर लागला असता.

बायका सुरुवातीला उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे बसून बोलायच्या. पण आमचा ओटा आता रस्त्याच्या बरोबरीला आलेला. गाडी गेली की चिखल उडायचा, उन्हाळ्यात धूळ. त्या हळूहळू समोरच्या भाऊंच्या उंच ओट्यावर बसू लागल्या. मायला त्यांची बोलणी ऐकू यायची, पण शब्द लागायचे नाहीत. हसण्याचा आवाज आला की ती मला विचारायची, "काय म्हने ती?" मी म्हणायची, मला काय माहीत. मला तेव्हा त्या बायकांचा राग यायचा, समोरच्या भाऊंचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त नानांचा यायचा.

मी नानांशी भांडले. म्हटलं, उंबरठा फोडा, पाणी येऊ द्या, आपण उपसू. नाना म्हणाले, गटारीचं पाणी घरात येईल, ती त्यात बसेल, मग? तिला काही झालं तर? धाकट्या भावाने जळगावहून निरोप पाठवला, घर विका आणि इकडे या. नाना म्हणाले, बुडणारं घर कोण घेतो. त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांना मायला पाण्यापासून वाचवायचं होतं. एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यापायी माय घरात कोंडली गेली हे त्यांना दिसत होतं तरी ते बघत नव्हते.

पुढे दोन पावसाळे उंबरठ्याने खरोखर पाणी अडवलं. नाना छाती काढून फिरले.

मग ते गणपतीचे दिवस आले. नव्वदचं दशक निम्म्याहून पुढे गेलं होतं. मी शाळेत होते. मंडपात दुपारच्या आरतीला नाना गेले, जाताना बाहेरून कडी लावून. ते नेहमीच तसं करायचे, कारण मायला उठून दार लावता येत नसे आणि कुत्री आत शिरत. बाराच्या पुढे आभाळ फाटलं. शाळेच्या खिडकीतून समोरची भिंत दिसेना. आम्ही शिक्षिका वर्गात मुलींना घेऊन बसून राहिलो, आणि मी मनातल्या मनात घरच्या पाण्याचा अंदाज बांधत होते. कॉलनीत रस्त्यावर कमरेएवढी धार लागली होती. मंडपातली माणसं उंचावर कोरडी होती. नंतर मला कळलं की कोणीतरी नानांना म्हणालं, अहो, अक्का घरी एकट्या आहेत. नाना म्हणाले होते, "काही काळजी नाही. उंबरा शे ना."

पाऊस थांबल्यावर मी चिखल तुडवत निघाले. घराच्या वळणावर मंडपाकडून येणारे नाना भेटले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पत्रावळीच्या तुकड्यात मायसाठी प्रसादाचा शिरा. रस्त्यावरचं पाणी ओसरत चाललं होतं. आमच्या अंगणात अजून होतं, पण ओटा उघडा पडला होता आणि उंबरठ्याच्या वरच्या कडेखाली पाण्याची ओली रेघ दिसत होती. पाणी वर चढलंच नव्हतं. नानांनी ती रेघ मला दाखवली.

"देख," ते म्हणाले.

कडी काढून त्यांनी दार ढकललं. ते उघडेना. आतून मायचा आवाज आला, "थांबा. मी बाजूले सरकस."

दार उघडलं तेव्हा आत घरभर पाणी होतं. शांत, काळं, उंबरठ्याला चार बोटं कमी. ते पुढून आलंच नव्हतं. गटार तुंबली तसं ते मागच्या मोरीतून उलटं वर आलं होतं आणि घर भरत गेलं होतं. बाहेरचं पाणी उतरलं, पण आतलं उतरलं नाही. मोरीत गाळ आणि कागद अडकलेले, आणि पुढे नानांचा उंबरठा. समुद्र आत येणार नाही म्हणून बांधलेला तो उंबरठा आता आतलं पाणी बाहेर जाऊ देत नव्हता. डबे तरंगत होते. कोठी आडवी झाली होती. आणि माय उंबरठ्याला टेकून पाण्यात बसली होती, छातीपर्यंत. खुर्चीतून उतरून ती दारापर्यंत आली होती. दोन्ही हात त्या घोटीव सिमेंटवर ठेवलेले. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"माले चढता उनं नही," ती म्हणाली. जणू चूक तिची होती.

मी आत उडी मारली आणि तिला काखेत धरलं. नानांनी बाहेरून हात धरले. भिजलेलं नऊवारी लुगडं, जड झालेलं अंग, ती काही केल्या वर येईना. पुन्हा ओढलं तर ती कळवळली. तेव्हा नानांनी तिचे हात सोडले, अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि पहार घेऊन आले. मला म्हणाले, तिला मागे घे. आणि ते उंबरठ्यावर पहार घालू लागले. चाचांनी काम चोख केलं होतं. सिमेंट निघता निघेना. नानांचा नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मधला तुकडा हलला, निखळला, आणि पाणी त्या फटीतून बाहेर धावलं. मग सगळंच सुटलं. डबे, चपला, पाट, नानांच्या हातून पडलेला शिरा, सगळं ओट्यावरून अंगणात वाहत गेलं. आम्ही मायला धरून त्या फटीतून बाहेर काढलं आणि ओट्यावर बसवलं.

घर वाळायला बरेच दिवस लागले. तोवर माय दिवसभर ओट्यावरच असायची. ऊन पडलं होतं. समोरच्या ओट्यावरच्या बायका आपापले पाट घेऊन आमच्याकडे आल्या. किती वर्षांचं साठलेलं बोलणं होतं कोणास ठाऊक. माय बोलत होती, हसत होती, मधूनमधून खोकत होती. मला खरं सांगायला हवं, ते दिवस मला फार आनंदाचे वाटले. मी नानांना म्हटलंही, बघा, किती बरी दिसते. नाना खोकल्याकडे कान देऊन बसले होते. त्यांनी जन्मभर लोकांच्या अंगातला ताप ओळखला होता.

खोकला छातीत उतरला. दवाखाना झाला, सलाईन झालं, आणि दसऱ्याच्या आधी माय गेली.

जळगावहून भाऊ आला. कॉलनीतली सगळी माणसं आली. उंबरठ्याची मोडलेली जागा नुसती साफ करून ठेवलेली होती, पुन्हा बांधलेली नव्हती. चौघांनी तिला उचललं आणि दारातून काढलं. त्यातल्या एकाने सवयीने पाय उंच उचलला, आणि तो पुढे रिकामा पडला. त्याचा तोल गेला. बाकीच्यांनी सावरलं. मी नानांकडे पाहिलं. ते त्याच्या पायाकडे बघत होते. माले भाईर कोन काढी, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असणार, कारण नानांनी तोंड फिरवलं आणि भिंतीला कपाळ लावून ते रडले. त्याआधी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच सकाळी अंगणातून धाडधाड आवाज येऊ लागला. नाना तीच पहार घेऊन कोबा फोडत होते. मी थांबवायला गेले तर म्हणाले, शाळेत जा. कोबा फोडून ते खाली खणत गेले. आधी काळी माती लागली, चिकट आणि जड. तिच्याखाली पाणी जिरवणारा मुरूम लागेपर्यंत ते थांबले नाहीत. लोक फाटकाशी उभे राहून पाहायचे. हिवतापवाले नाना स्वतःच्या दारात डबकं खणतायत, बायको गेली आणि डोकं फिरलं, असं बोललं गेलं. चाचा एक दिवस आले, बाजूला बसले आणि फावडं मागून घेतलं. उंबरठ्याच्या फोडलेल्या विटा मागे ढिगाने पडल्या होत्या. नानांनी त्या एकेक करून खड्ड्याच्या तळाशी अंथरल्या. त्यावर खडी, खडीवर वाळू, वाळूवर माती. मग त्यात कर्दळ लावली आणि मायची अळवाची मुळं, मागच्या भिंतीच्या फटीत जगलेली.

त्यानंतर ते पुन्हा घरोघर गेले, जसे भराव टाकायला माणसं जमवायला गेले होते. यावेळी सांगत होते की अंगणाचा थोडा कोबा फोडा, एक खड्डा घ्या, पाण्याला आपल्या दारात जिरू द्या. आणि मंडपामागची जागा तरी मोकळी करू. लोकांनी त्यांना चहा पाजला. समोरचे भाऊ हळू आवाजात म्हणाले, "नाना, तुम्हीच नाही का म्हणत होतात, थांबलेलं पाणी म्हणजे ताप?" नाना म्हणाले, हो, मीच म्हणत होतो. आणि उठून घरी आले. कोणीही कोबा फोडला नाही. ती कॉलनी अजूनही पावसात तुंबते आणि लोक अजूनही जोती वाढवतात. मला त्याचा राग येतो. तो आता जाणार नाही.

उंबरठा नानांनी पुन्हा बांधला नाही. नुसती एक लाकडी पट्टी ठोकली, बोटभर उंचीची.

पुढच्या आषाढात मोठी सर आली. रस्त्यावरून पाणी आमच्या अंगणात उतरलं, खड्डा भरला, कर्दळीची पानं तेवढी वर राहिली. नाना घाईघाईने मागे गेले आणि जळक्या ऑइलचा डबा घेऊन आले. ते खड्ड्याच्या काठाशी डबा धरून उभे राहिले, बराच वेळ. मग डबा खाली ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले, मायच्या जागी, भिंतीला टेकून. मी दारात उभी होते. पाणी हळूहळू खाली जात होतं. आधी अळवाचे देठ दिसले, मग काठाचे दगड, मग ओली माती. ओट्याला पाणी लागलंसुद्धा नाही.

"गयं का?" नानांनी विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"गयं," मी म्हटलं.

ते खड्ड्याकडेच बघत होते. मान न वळवता म्हणाले, "मंग तिले बलाव भाईर."

माय गेल्याचं ते विसरले होते, की त्यांना ते नुसतं म्हणायचं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी आत गेले. मायची खुर्ची दाराच्या आतच होती. ती उचलून मी बाहेर ओट्यावर त्यांच्या शेजारी ठेवली आणि चहा टाकायला गेले.